सूर उतरायचा तो आश्विन

वर्षातून एक दिवस आमच्या कुंभकोणमला वाचायची मनाई असते. सरस्वतीपूजेच्या सकाळी घरातली पुस्तकं पाटावर रचायची, वर धुतलेलं वस्त्र पांघरायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उतरवेपर्यंत एक अक्षरही वाचायचं नाही. शाळकरी पोरांचा हा लाडका सण. मी मात्र सारी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पोटाचा उपास मला जमतो, डोळ्यांचा जमत नाही. कॉफीच्या पुड्यावरचा मजकूर, कॅलेंडरातली राहुकाळाची वेळ, काही ना काही नकळत वाचलं जातं. रुक्मा बरोबर पकडायची.

"पाहिलं मी. ओठ हलले तुमचे."

रुक्मा माझी बायको. गेल्या वैशाखात ती गेली. यंदा पूजेच्या दिवशी मी अख्खं कॅलेंडर वाचलं असतं तरी कोणी काही म्हणालं नसतं. म्हणून मी ते भिंतीकडे तोंड करून टांगलं आणि दिवसभर झोपाळ्यावर बसून राहिलो. वाचायचं नसलं की आठवण्याशिवाय दुसरं काय करतो माणूस?

या दिवसांत इथली हवा जड होत जाते. खरा पाऊस अजून समुद्रावरच असतो, पण मीठ बरणीत पाझरायला लागतं, दारं फुगून चौकटीत अडकतात, घासूनपुसून ठेवलेल्या पितळी घागरीवर दोन दिवसांत काळसर छाया येते. शेजारच्या दारासुरमला विणकरांच्या घरांवरून गेलं तर मागांची खटखटही जरा मंदावल्यासारखी वाटते. अशाच हवेत, तीन आश्विनांपूर्वी, रुक्माचा सूर उतरायला लागला होता.

गळ्यातला नव्हे. तो आधीच गेला होता. मी सांगतो आहे तो टेबलावरचा सूर.

रुक्मा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवायची. आमच्या घरात पुस्तकं माझी आणि हत्यारं तिची. लग्न झालं तेव्हा माझ्या आईने सगळ्यांना सांगितलं होतं, "सून चोखोट आहे, पण रुखवतांत इस्त्रीसारखं कायसं तापतं शस्त्र घेऊन आली." ते शस्त्र म्हणजे सोल्डरिंगची कांडी. खिडकीपाशी तिचं टेबल होतं. संध्याकाळी तिथून डाखातल्या राळेचा धूर यायचा आणि त्या धुराबरोबर तिचं गाणं. मोठी गायिका नव्हती ती. पण सुरापाशी थेट न जाता जरा खालून, घसरत घसरत जायची तिची एक रीत होती, दारातून आत येण्याआधी पायरीवर जरा थांबावं तशी. मी आतल्या खोलीत पुस्तक मिटून ऐकायचो आणि तिला कळू द्यायचो नाही.

मग गळ्यातली ग्रंथी काढावी लागली. शस्त्रक्रियेत आवाजाची नस दुखावली. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिने झाले, वर्ष झालं. उरली ती नुसती कुजबुज, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखी. रुक्माने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त राळेचा धूर आता मुका यायचा.

त्या वर्षी आमची लेक वसुधा बाळंतपणाला घरी आली, आणि मग मात्र गोष्ट निघाली. आमच्या घराण्यात बारशाचा पाळणा आईची आई म्हणते. दर बाळासाठी नवा रचते आणि स्वतः म्हणते. बाळाने आपलं नाव पहिल्यांदा ऐकायचं ते आजीच्या गाण्यात. तंजावरच्या दरबाराबरोबर आलेले आमचे पूर्वज बरंच काही हरवून बसले, जमीन, मान, निम्मी भाषा. हे एवढं राहिलं. वसुधाला रुक्माच्या आईने म्हटला होता. आता पाळी रुक्माची होती.

"मी म्हणतें गं," कमलाक्का म्हणाली. ही रुक्माची थोरली बहीण, दारासुरमला असते आणि टाउन बसने दर शुक्रवारी येते. "नाही तर फोनांत घालून लाव. फोनांत अस्कं, सगळं असतं आतां."

रुक्मा कुजबुजली, "फोनाला नातवंड नाही."

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर वह्या उघडल्या. तिला गाणारं यंत्र करायचं होतं, आणि तेही पेटीसारखं पट्ट्या-पट्ट्यांचं नव्हे. सूर घसरला पाहिजे, खालून वर, तिच्या रीतीने. एका लाकडी फळीवर तिने जुन्या हीटरची तार सरळ करून ताणून बसवली. तर्जनीत शिवणकामाचं पितळी अंगुस्तान घालून त्या तारेवरून बोट सरकवायचं. बोट जिथे टेकेल तिथलं व्होल्टेज आतल्या सर्किटला मिळणार आणि व्होल्टेज वाढेल तसा सूर चढणार. एक व्होल्ट वाढला की षड्जापासून वरचा षड्ज. त्या सर्किटला व्होल्टेज-नियंत्रित ऑसिलेटर म्हणतात. मला एवढं लांब नाव पाठ झालं याचंच तिला कौतुक.

"आंत काय होतं नेमकं?" मी विचारलं होतं.

तिने स्वयंपाकघरातला नळ दाखवला. नळाखाली छोटं भांडं आहे असं समजा, ती म्हणाली. भरलं की ओतायचं, पुन्हा भरायचं. धार मोठी तर भांडं भराभर भरतं, सूर वरचा. धार बारीक तर सूर खालचा. भांडं म्हणजे कपॅसिटर. धार किती सोडायची ते व्होल्टेज ठरवतं. "सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा भरतं नि ओतलं जातं. तुम्ही कॉफी ओततां तसं नाही, अर्धी बशीत."

पूजेच्या आदल्या दिवशी यंत्र पहिल्यांदा नीट बोललं. आधी काडेपेटीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. तिने दोन-तीन भाग बदलून त्याची धार बोथट केली. मग अंगुस्तान तारेवर टेकवून पंचमाच्या जरा खाली थांबली आणि तिथून वर गेली. मी डाळीची पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. दीड वर्षानंतर ती पायरी मला पुन्हा ऐकू आली. डाळ करपली. वसुधा नवव्या महिन्याचं पोट सांभाळत उठून आली आणि म्हणाली, "अम्मा, परत." रुक्माने परत म्हटलं. आम्ही "म्हटलं" असंच म्हणायचो, "वाजवलं" असं कोणी म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा. पुस्तकांशेजारी तिची कांडी, पकडी, मल्टिमीटर, यंत्राचा डबा, सगळं पाटावर मांडून मी यथासांग पूजा केली. विजयादशमीला पूजा उतरवली, रुक्माने मोठ्या हौसेने यंत्र लावलं, आणि सूर उतरला.

एकदम नाही. षड्ज धरला की तो हळूहळू खाली सरकायचा, झोप आलेल्या माणसाची मान कलते तसा. ती स्क्रू फिरवून तो जागेवर आणायची. तासाभराने पाहावं तर पुन्हा कललेला. गंमत म्हणजे वरचे सूर जेमतेम ढळायचे, खालचे पार बसायचे. आणि आमचा पाळणा सगळा खालच्याच सुरांत.

"तुम्ही हात लावलांत कां कशाला?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

मग सुरू झाले ते तीन आठवडे. आज मागे वळून पाहताना वाटतं, आमच्या संसारात आम्ही इतके जवळ कधीच बसलो नव्हतो. ती डाव्या खुर्चीत, मी उजव्या. ती स्क्रू फिरवणार, मी मीटरवरचा आकडा वाचणार. तिची कुजबुज टेबलाबाहेर जायची नाही, माझे आकडे मात्र गल्लीपर्यंत. समोरच्या घरच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, वसुधाला हळूच विचारलं म्हणे, तुझे अप्पा दिवसभर एकटेच बसून आकडे ओरडतात, बरे आहेत ना?

तिचा पहिला संशय उष्णतेवर होता. दोन ट्रान्झिस्टर सारखेच तापले पाहिजेत, नाही तर सूर हलतो. तिने दोघांना पाठीला पाठ लावून तांब्याच्या तारेने बांधलं. "लग्नच लावलंस की यांचं," मी म्हणालो. "निदान हे दोघे एकदम तापतात," ती म्हणाली. सूर उतरतच राहिला. मग वीजपुरवठा तपासला. मग मुख्य चिप खोबणीतून काढून नवी बसवली. प्रत्येक वेळी ती वहीत लिहायची: वेळ, आभाळ कसं आहे, कुठला सूर, किती उतरला. मी आयुष्यभर पुस्तकांची नोंद ठेवली, पण इतक्या निष्ठेने एखाद्या दोषाची नोंद कोणी ठेवताना पाहिलं नव्हतं. चिडत नव्हती ती. बिघडलेल्या वस्तूंशी ती नेहमी आजारी मुलाशी बोलावं तशीच वागायची. कोठं दुखतं, सांग.

एकदाच तिचा धीर सुटलेला पाहिला. दुपारची वेळ होती. वीसेक वेळा षड्ज लावून झाल्यावर तिने अंगुस्तान काढून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

"मला नीट ऐकूं येतं ना?" ती म्हणाली. "गळा गेला. कानही गेले असले तर मला कळायचं कसं?"

मला स्वतःला सुरातलं ओ की ठो कळत नाही. वसुधाने झोपाळ्यावरूनच फोन उंच केला. त्यात सूर मोजायची सोय होती. "अम्मा, तूं सूर खाली गेला म्हणतेस, तेव्हां फोनही खाली गेला म्हणतो. कान बरोबर आहेत. यंत्रच खोटं बोलतंय."

"बरं झालं," रुक्मा म्हणाली. "फोन कायतरी कामाला आला." आणि अंगुस्तान पुन्हा बोटात घातलं.

दिवाळीच्या आठवड्यात वसुधाला मुलगी झाली. घरात वेखंडाचा, सांब्राणीच्या धुपाचा, कोमट तेलाचा वास भरला. बाहेर खरा पाऊस उतरला, अरसलार नदीला लाल पाणी आलं. बारशाला पाच दिवस उरले होते, पाळण्याचे शब्द रचून झाले होते, मी ते सुवाच्य अक्षरात उतरून काढले होते, आणि खालचा षड्ज आता दहा मिनिटंसुद्धा जागेवर राहत नव्हता. कमलाक्का आता रोज येऊन बजावायची, "पोदुम, पुरे कर. मी तालीम करूं ना?" रुक्मा नुसती हसायची. पण रात्री कूस बदलताना तिचे सुस्कारे मला कळायचे.

त्या सकाळी तिने यंत्रातली सर्किटची पाटी उलटी करून टेबलावर ठेवली होती, वरच्या बाजूला भाग आणि मागच्या बाजूला नुसते डाख असतात, त्यातली मागची बाजू वर. यंत्र चालू होतं, षड्ज घुमत होता. तिला पेन हवं होतं. पाटीवर वाकलेली असतानाच ती माझ्याकडे न बघता कुजबुजली, "पेन द्या हो."

सूर धाडकन खाली गेला, आणि मग हळूहळू वर आला.

ती तशीच वाकलेली राहिली. पुन्हा कुजबुजली, "पेन." पुन्हा खाली.

"अहो," ती म्हणाली, आणि या एका शब्दाला तो स्वर दीड सुराने उतरला, "तुम्ही बोला बरं इथे."

मी पाटीवर वाकून माझ्या ग्रंथालयातल्या आवाजात म्हणालो, "काय बोलूं?" फारसं काही झालं नाही. माझा आवाज गळ्यातून येतो, तिचा आता नुसत्या वाफेतून यायचा. ती वाफ पाटीवर बसत होती. दमट हवेत खालचा सूर का बसतो ते तिच्या डोळ्यांत लख्ख उमटलेलं मला दिसलं. भांडं गळत होतं. धार मोठी असताना गळती कळत नाही. धार बारीक असली की भांडं भरतच नाही.

मग तिने पाटीच्या एकेका कोपऱ्यावर हळूच फुंकर घातली. एका जागी सूर सर्वांत खोल गेला. तिथे दोन डाखांच्या मध्ये फिकट पिवळी खपली होती. अशी खपली राळेची असतेच, सोल्डरिंगनंतर मागे राहते. म्हणून तीन आठवडे तिने ती पाहूनही पाहिली नव्हती. आता सुईने टोचली. राळ चिवट असते, हिची भुकटी झाली. तिने बोटाला पाणी लावून ती भुकटी मळली, नाकाशी नेली, वास घेतला. मातीचा वास.

मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नव्हे, त्यांच्या जरा वर. अगदी सावकाश तिने ती पाटी उचलली आणि माझ्या कपाळाशेजारी धरली.

रंग एकच होता.

मला सगळं आठवलं. पूजेच्या सकाळी चंदनाचं खोड उगाळायला वेळ नव्हता, म्हणून माझ्या नित्याच्या गोपीचंदनाचाच एकेक टिळा मी सगळ्या हत्यारांना लावला होता. यंत्राचा डबा उघडला, पाटीवर तिचे नाजूक भाग दाटीने बसलेले दिसले. त्यांना ओलं लागायला नको म्हणून मी काळजीपूर्वक पाटी उलटी केली आणि मागच्या मोकळ्या, रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर टिळा लावला. वर नमस्कारही केला.

"तुम्ही तर म्हणालांत, हात लावला नाही."

"हात कोठं लावला? पूजा केली."

रुक्मा हसायला लागली. तिच्या हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. मीही ओशाळून हसलो. यंत्र चालूच होतं. तिच्या हसण्याच्या वाफेने ते बिचारं खाली-वर, खाली-वर करत राहिलं. वसुधा आतून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि दोघांपैकी कोणालाच सांगता येईना.

"कमलाक्काला सांगूं नका," शेवटी ती म्हणाली. "देवाने यंत्रांत येऊन वास केला म्हणेल, नि आरती करायला लावेल."

स्पिरिट आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन तिने पाटी धुतली. ऊन नव्हतंच. बाळाची दुपटी वाळवायला निखाऱ्यांवर वेताची टोपली पालथी घातलेली असायची. तिच्यावर, दुपट्यांच्या रांगेत, रुक्माचं सर्किटही वाळलं. पुन्हा दमट हवा लागू नये म्हणून मागच्या बाजूला काहीतरी लेप हवा होता. वसुधाने नखांना लावायचा बिनरंगी रंग काढून दिला. त्या संध्याकाळी खालचा षड्ज लावला तो दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच होता. वहीत तिने त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे: पाऊस. उतरला नाही.

मी यंदाही यंत्र पाटावर ठेवलं. गंध लावायला बोट पुढे गेलं होतं, मागे घेतलं. शेजारी एक जास्वंद ठेवली, आणि तीही जरा लांब. असं लांबून प्रेम करायला मला फार उशिरा आलं. माणसाला आपल्या चुकीची लाज वाटते, पण त्या चुकीबद्दल मला आता लाज वाटत नाही. ती चूक नसती तर ते तीन आठवडे नसते. रुक्माच्या शेजारच्या खुर्चीत बसून आकडे ओरडायचं सुख मला कोणत्या पुस्तकाने दिलं असतं? शेवटच्या आजारात, गळ्याचं दुखणं परतून आल्यावर, ती एकदा म्हणाली होती, "तेव्हां सांपडलं तसं हें सांपडलं असतं तर." एवढंच. मी तेव्हाही जवळच्या खुर्चीतच होतो.

बारशाच्या दिवशी सकाळीच माणसं जमली. आमची उरलीसुरली चार-पाच मराठी घरं, तमिळ शेजारणी, वसुधाच्या सासरची मंडळी. ओट्यावर चपलांचा ढीग. पितळी कड्यांचा पाळणा मधल्या चौकात टांगला होता. ठरलं होतं असं की सूर रुक्माचा आणि कागदावरून शब्द वसुधाचे. रुक्माने नवी कोरी निळी साडी नेसून फळी मांडीवर घेतली, अंगुस्तान घातलं, आणि खालच्या षड्जाच्या पायरीवर जरा थांबून आत आली.

वसुधाने कागद उचलला, तोंड उघडलं, आणि तिला रडू फुटलं. आईचा आवाज तिने असा अचानक, इतक्या माणसांत ऐकला होता. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. कागद भिजला. रुक्माने एक ओळ पुरी म्हटली, दुसरी म्हटली. सूर नुसताच फिरत होता, त्यात नाव नव्हतं. पाळण्यात बाळ टक्क जागं.

कमलाक्काने कागद घ्यायला हात पुढे केला. रुक्माने मान हलवून नाही म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. शब्द पाठ असलेला तिच्याखेरीज दुसरा मीच होतो.

"मला नाही येत," मी म्हणालो.

"म्हणा हो भावजी," कमलाक्का ओरडली. "लेकरूं निजायचं आहे, परीक्षा नाही."

मी उभा राहिलो. शाळेच्या प्रार्थनेत मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे, त्यानंतर मी चारचौघांत कधी गायलो नव्हतो. डोळे मिटले आणि सुरुवात केली.

*जो जो कावेरी, नीज गं आतां,*
*पाणी निजलें, निजल्या वाटा.*

सूर कुठे होता आणि मी कुठे होतो, देव जाणे. पण दुसऱ्या ओळीपाशी काहीतरी बदललं. ती दोन आवाजांची ओढाताण थांबली. मी डोळे उघडले तर रुक्मा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि तिचं पितळी बोट तारेवर मला शोधत होतं. मी उतरलो की ती उतरत होती. मी मध्येच चढलो, तर तीही घसरत वर येत होती. तीन आठवडे केसभर ढळू नये म्हणून जिच्याशी झुंजली, ती जागा तिने खुशाल सोडून दिली होती.

"अय्यो रुक्मा," कमलाक्का कळवळून म्हणाली, "तुझं यंत्र परत बिघडलं गं!"

"यंत्र चोखोट आहे," रुक्मा कुजबुजली, आणि मोकळ्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

सगळे हसले. माझा श्वास संपला होता, दुसरं कडवं विसरल्यासारखं झालं होतं. मी थांबलो. ती थांबली नाही. जिथे मी सोडला होता तिथेच, कुठल्याही पेटीत सापडणार नाही असा तो माझा सूर तिने तारेवर धरून ठेवला, मी श्वास घेईपर्यंत.